कोर्लईचा किल्ला चढण्याआधी

आमच्या रेवदंड्याच्या वाडीत मुक्कामाला आलेल्या पाहुण्यांसाठी

बरेच पाहुणे गाडीनं थेट कोर्लईच्या दीपगृहापाशी जातात, पायऱ्या चढून फोटो काढतात आणि तासाभरात परततात. आमची मनापासून विनंती आहे, आधी अर्धा दिवस चौलला द्या. ज्या बंदरासाठी हा किल्ला उभा राहिला, ते बंदर डोक्यात असेल तरच वर गेल्यावर त्याची जागा कळते.

आज चौल म्हणजे नारळी-पोफळीच्या वाड्या, देवळं, तळी. पण दहाव्या शतकात इथं येऊन गेलेल्या अरब प्रवाशांनी या भरभराटीच्या शहराचं 'सैमूर' म्हणून वर्णन केलंय. पंधराव्या शतकात रशियातल्या त्वेरचा व्यापारी अफनासी निकितीन विकण्यासाठी एक घोडा घेऊन याच बंदरात उतरला. रेवदंड्याच्या शाळेच्या आवारात त्याचं स्मारक आहे, जाता जाता जरूर बघा.

मार्च १५०८ मध्ये चौलच्या बंदरात इजिप्तच्या आरमारानं, दीवच्या मलिक अयाझच्या मदतीनं, पोर्तुगीजांना हरवलं. त्यात पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मेदा मारला गेला. तरीही पोर्तुगीज चिवटपणे परत आले. १५२१ मध्ये निजामशहाकडून परवानगी मिळवून त्यांनी रेवदंड्याला कोट बांधायला घेतला. १५७०-७१ चा निजामशाही वेढाही त्यांनी निभावला.

रेवदंड्याचा कोट कुंडलिकेच्या मुखाच्या उत्तरेला आणि कोर्लईची डोंगरसोंड दक्षिणेला. सोंडेवर तोफा चढवल्या की खाडीत येणारं-जाणारं प्रत्येक गलबत त्यांच्या माऱ्यात. बुऱ्हाण निजामशहानं १५९४ मध्ये हेच हेरलं आणि इथं पक्का किल्ला उभारून पोर्तुगीज चौलचा गळा आवळायला घेतला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पोर्तुगीजांनी चढाई करून किल्ला घेतला. चौल कोंडण्यासाठी बांधलेला किल्ला त्यानंतर जवळपास दीड शतक चौलचीच राखण करत होता! उत्तरेकडच्या बुरुजावर थोडं थांबून समोर रेवदंड्याकडे बघा, सगळं आपोआप उलगडतं.

संभाजी महाराजांच्या फौजांनी १६८३ मध्ये चौलला वेढा दिला, पण ते हाती आलं नाही. पुढं चिमाजी अप्पांच्या मोहिमेच्या काळात, १७३९ मध्ये, सुभानराव माणकरांना कोर्लईवर पाठवलं गेलं. १७४० च्या तहानं चौल आणि कोर्लई मराठ्यांकडे आले.

वर पडक्या चर्चच्या भिंती आहेत, पाण्याचं टाकं आहे आणि महादेवाचं देऊळही आहे. दोन्ही ठिकाणी कृपया पादत्राणं काढा.

पायथ्याच्या गावातली ख्रिस्ती मंडळी घरात आजही पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून घडलेली बोली बोलतात. तिला ते 'नॉ लिंग' म्हणतात, म्हणजे 'आमची भाषा'. पोर्तुगीज जाऊन पावणेतीनशे वर्षं झाली, तरी ती टिकली. आम्हाला किल्ल्याच्या तटापेक्षाही याचं अप्रूप जास्त वाटतं. मात्र कुणाच्या ओटीवर जाऊन 'बोलून दाखवा' म्हणू नका. वाळत घातलेल्या मासळीजवळ फोटो काढायचा असेल तर तिथल्या बायकांना आधी विचारा.

साळावच्या पुलावरून जावं लागतं. वर सावली कमी आहे, पाणी सोबत घ्या. पावसाळ्यात दगडांवर शेवाळ असतं, तेव्हा लहान मुलांना तटावर चढवू नका. पहाटे निघणार असाल तर आदल्या रात्री सांगा, चहा आणि घावणे तयार ठेवू.