ब्राउझरमधील सामाईक कोडलेखन

एकच कोड-फाइल अनेकांनी आपापल्या ब्राउझरमध्ये उघडून एकाच वेळी लिहिण्याची पद्धत. एकाने टाइप केलेले अक्षर क्षणार्धात इतरांच्या पडद्यावर उमटते. कोण कुठे लिहीत आहे हे रंगीत कर्सरवरून कळते. जोडीने प्रोग्रामिंग, शिकवणी आणि तांत्रिक मुलाखती यांत ती विशेष वापरली जाते.

कल्पना ब्राउझरपेक्षा बरीच जुनी आहे. अमेरिकन संगणक-संशोधक डग्लस एंगलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोतील प्रात्यक्षिकात दूर बसलेल्या सहकाऱ्यासोबत एकाच मजकुरावर काम करून दाखवले होते. ब्राउझरमध्ये अशा लेखनाची गोडी लावली ती २००८ च्या इथरपॅड या ऑनलाइन लेखन-साधनाने.

अक्षरे पोहोचवणे सोपे; त्यासाठी वेबसॉकेट, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातली सतत उघडी जोडणी, पुरते. अवघड आहे ते सर्वांच्या प्रती एकसारख्या ठेवणे. समजा, फाइलमध्ये ‘अबक’ आहे. एकाने सुरुवातीला ‘य’ घातला आणि त्याच क्षणी दुसऱ्याने तिसरे अक्षर, म्हणजे ‘क’, खोडले. ‘तिसरे अक्षर खोडा’ ही सूचना जशीच्या तशी पहिल्याकडे गेली तर तिथे ‘ब’ उडेल. एकाकडे ‘यअक’ उरेल, दुसऱ्याकडे ‘यअब’.

यावर क्लॅरेन्स एलिस आणि सायमन गिब्स यांनी १९८९ मध्ये ऑपरेशनल ट्रान्सफॉर्मेशन सुचवले: आलेली सूचना आधीच्या बदलांनुसार सरकवून घ्यायची, म्हणजे ‘तिसरे’चे ‘चौथे’ करायचे. नियम वाचायला साधे, पण अचूक राबवायला कुप्रसिद्ध. २०११ मध्ये औपचारिक मांडणी झालेल्या सीआरडीटी (प्रती आपोआप जुळवून घेणाऱ्या) रचनांत क्रमांकाऐवजी प्रत्येक अक्षराला कायमची ओळख मिळते, त्यामुळे मध्यवर्ती सर्व्हर अनिवार्य राहत नाही. मात्र खोडलेल्या अक्षरांच्या खुणाही बहुधा जपाव्या लागतात. वायजेएस (Yjs) ही तयार कोडची लायब्ररी याच घराण्यातली.

प्रती जुळल्या म्हणजे प्रोग्राम चालेलच असे नाही. एकाने फंक्शनचे नाव बदलले आणि तेवढ्यात दुसऱ्याने जुन्या नावाने ते वापरले, तर मजकूर सगळीकडे सारखा आणि सगळीकडे चुकीचा. शिवाय एकाची ओळ अर्धवट असताना दुसऱ्याने कोड चालवला की त्रुटी येते, आणि दोष कोणाचा यावर वाद. ‘अनडू’ने फक्त स्वतःचेच बदल मागे घ्यावेत ही अपेक्षा रास्त, पण त्या बदलांवर इतरांनी पुढे लिहिले असेल तर निर्णय सोपा नसतो. टर्मिनल, म्हणजे संगणकाला आज्ञा टाइप करण्याची खिडकीही, सामाईक असल्यास आमंत्रिताला त्या यंत्रावर आज्ञा चालवता येतात. म्हणून केवळ वाचनाची परवानगी वेगळी देता येणे आवश्यक ठरते.