बीपीच्या गोळीवर आळ

पारोळ्याच्या माझ्या आत्याने यंदा वैशाखात बीपीची गोळी आपल्या मनाने बंद केली. मोबाइलवर मेसेज आला होता, 'बीपीच्या गोळ्यांनी किडनी सडते'. वय 74. गुडघेदुखीची गोळी मात्र रोज दोनदा सुरूच होती. विचारलं तर म्हणाली, "ते काय औषध शे का?"

मेसेजने आळ घेतला तो भलत्याच गोळीवर.

मूत्रपिंडाची गाळणी ठिबकच्या फिल्टरसारखी असते, मागे प्रेशर असेल तरच काम करते. शरीरात पाणी कमी पडलं की मूत्रपिंड दोन युक्त्या करतं. प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन आत येणारी रक्तवाहिनी उघडी ठेवतं आणि अँजिओटेन्सिन बाहेर जाणारी आवळतं. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या दुखण्याच्या गोळ्या पहिली युक्ती मोडतात, टेल्मिसार्टनसारखी बीपीची गोळी दुसरी. त्यात लघवी वाढवणारी गोळी आणि खान्देशातलं 44-45 अंशांचं ऊन शरीरातलं पाणी आणखी ओढून घेतं. तिन्ही गोळ्या एकत्र आल्या की गाळणीतलं प्रेशर कोसळू शकतं.

मेसेजमध्ये अर्धं सत्य असतं, म्हणून तर तो पटतो. टेल्मिसार्टन सुरू केल्यावर क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंड रक्तातून गाळून टाकतं तो कचरा, थोडं वाढू शकतं. 30 टक्क्यांपर्यंतची वाढ डॉक्टर सहसा चालवून घेतात, कारण मधुमेह असून लघवीतून प्रथिनं जात असतील, तर हीच गोळी पुढे वर्षानुवर्षं मूत्रपिंड जपते. वाढलेलं बीपी मात्र मूत्रपिंड खातंच.

म्हातारपणी रिपोर्टही फसवतो. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं आणि वयाबरोबर स्नायू झिजतात. आत्याचं क्रिएटिनिन 1.1, लॅबच्या मर्यादेत. पण 74 वर्षांच्या बाईसाठी हिशेब केला तर गाळण्याचा वेग मिनिटाला 50 मिलिलिटरच्या जरा वर येतो. तरुणपणी तो 90 च्या पुढे असतो. अमेरिकी डॉक्टर मार्क बीअर्स यांनी 1991 साली वृद्धांसाठी जोखमीच्या औषधांची यादी केली. आज तिच्या सुधारित रूपात या दुखण्याच्या गोळ्या दीर्घकाळ शक्यतो टाळा, असं सांगितलं आहे.

डॉक्टरांनी बीपीची गोळी परत सुरू केली, गुडघ्यासाठी पॅरासिटामॉल दिलं. उलट्या-जुलाब झाले किंवा ऊन लागलं तर कुठली गोळी थांबवायची ते आधी फोन करून विचारा, असं बजावलं. मग मी आत्याची औषधांची पिशवी पलंगावर रिकामी केली. डायक्लोफेनॅकची दोन पाकिटं निघाली, दोन वेगळ्या नावांची, आणि ती दोन्हीही घेत होती.