मन भटकलं म्हणून ध्यान बिघडत नाही

ध्यानाला बसलं की दोन मिनिटांत मन कुठेतरी निघून जातं, मग आपण स्वतःवरच चिडतो आणि आपल्याला हे जमणारच नाही म्हणून सोडून देतो. बरेच जण इथेच अडकतात. खरं तर मन भटकणं अगदी नॉर्मल आहे. २०१० साली किलिंग्सवर्थ आणि गिल्बर्ट या हार्वर्डच्या संशोधकांनी २२५० लोकांना फोनवरून अधूनमधून विचारलं की आत्ता काय करताय आणि लक्ष कुठंय, तर जवळपास ४७ टक्के वेळा लक्ष हातातल्या कामावर नव्हतंच.

मग ते दाबून बसवायचं का? तर नाही. १९८७ मध्ये डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञाने लोकांना सांगितलं की पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आणि अस्वल काही डोक्यातून जाईना, उलट नंतर विचार करायची परवानगी मिळाल्यावर त्यांना ते, पहिल्यापासूनच मोकळेपणाने विचार करू दिलेल्या लोकांपेक्षा, जास्त आठवत राहिलं.

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो २०१८ चा लिंडसे आणि क्रेसवेल यांचा प्रयोग. त्यांनी स्ट्रेस असलेल्या लोकांचे तीन गट केले, एकाला फक्त आत काय चाललंय ते बघायला शिकवलं, दुसऱ्याला बघायला आणि जे दिसेल ते असू द्यायलाही, तिसऱ्याला ध्यान नाही, ताण हाताळायच्या साध्या पद्धती. दोन आठवडे फोनवरच सराव, मग लॅबमध्ये परीक्षकांसमोर भाषण आणि तोंडी गणितं. कॉर्टिसॉल (ताणाचं हार्मोन) आणि वरचं ब्लड प्रेशर सगळ्यात कमी चढलं ते 'असू दे' शिकलेल्यांचं. म्हणजे नुसतं लक्ष ठेवून भागत नाही, कुठल्या नजरेने बघतो त्यावर बरंच ठरतं.

ध्यान शिकवणारे जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये जुनाट दुखण्याच्या पेशंटसाठी ध्यानाचा कोर्स सुरू केला, त्यातही धीर, चांगलं-वाईट न ठरवणं, रिझल्टच्या मागे न लागणं यावर खूप भर होता. शेवटचं सगळ्यात अवघड, कारण आपण शांत व्हायलाच तर बसतो ना! पण 'अजून शांत का वाटत नाही' हे तपासत बसलं की त्यानेच ताण वाढतो.

असू देणं म्हणजे अन्याय सहन करणं मात्र नव्हे हं. फक्त या क्षणी राग आहे तर 'राग आहे' एवढं ओळखायचं, छातीत-जबड्यात कुठे जाणवतोय ते बघायचं आणि परत श्वासाकडे यायचं, स्वतःला न रागावता. आणि एखाद्या मोठ्या धक्क्याच्या आठवणी वर येऊन त्रास वाढत असेल तर डोळे उघडा, थांबा, डॉक्टर किंवा थेरपिस्टशी बोला, जबरदस्तीने बसून राहू नका.