टोमॅटोच्या पॉलिहाऊसमध्ये मधमाशीची पेटी ठेवताय? आधी मधमाशी आणि बंबलबीतला फरक बघा

दर हंगामात हा घोळ नव्याने होतो. कुणीतरी हॉलंडच्या काचेच्या ग्रीनहाऊसचा व्हिडिओ बघतो, त्यात टोमॅटोच्या ओळींत पुठ्ठ्याचे छोटे खोके ठेवलेले असतात, त्यातून माश्या ये-जा करत असतात, आणि मग आपला माणूस म्हणतो अरे ही तर मधमाशी, ती आपल्याकडेही मिळते की. आणतो मेलिफेराची (पाळीव युरोपी मधमाशी) नाहीतर सातेरीची (आपली देशी मधमाशी) पेटी आणि ठेवतो टोमॅटोत. महिन्याभराने बघावं तर फूलगळ होती तशीच, सेटिंग (फळ धरणं) होतं तसंच, पेटीतल्या माश्या छताच्या पेपरला धडकून धडकून खाली मरून पडलेल्या, आणि वर गावभर निरोप जातो की मधमाश्यांनी परागीभवन वगैरे सगळं थोतांड आहे. नाही हो, थोतांड नाहीये. व्हिडिओत होती ती मधमाशी नव्हतीच, ती बंबलबी होती, आणि टोमॅटोच्या बाबतीत या दोघींमध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे.

मधमाशीबद्दल मी फार बोलत बसत नाही, ती सगळ्यांना माहितीये. हजारोंची वसाहत, मध साठवते, एकीला चांगला फुलोरा सापडला की पोळ्यावर नाचून बाकीच्यांना पत्ता सांगते. हे नाचणं मात्र लक्षात असू द्या, पुढे लागेल.

बंबलबी म्हणजे बॉम्बस या गटातली जाडजूड, अंगभर दाट केसांची माशी. भारतात ती हिमालयात आणि ईशान्येकडच्या डोंगरांत सापडते, आपल्या सह्याद्रीत किंवा दख्खनच्या पठारावर नाही, आणि घराच्या वाशाला नाहीतर बांबूला गोल भोक पाडून राहणारा तो मोठा काळा भुंगा म्हणजे बंबलबी नव्हे, तो वेगळा. बंबलबीचं घर लहान असतं, काही शे माश्यांचं. मध काढण्याइतका साठत नाही. विकतच्या खोक्यात खाली साखरेच्या पाण्याची पिशवी असते आणि दोन-तीन महिन्यांत वसाहत संपते, मग नवा खोका घ्यायचा. यातलं काही विसरलात तरी चालेल. रंग, आकार, डंख यावर लोक तासतास वाद घालतात, त्याने तुमच्या टोमॅटोला काडीचा फरक पडत नाही.

फरक पडतो तो एकाच गोष्टीने. बंबलबी फुलाला धरून थरथरवते, मधमाशी थरथरवत नाही.

हे नीट कळायला टोमॅटोचं फूल हातात घ्या. फूल खाली मान घालून लोंबतं. मधोमध पिवळा शंकू दिसतो ना, ते पाच-सहा पुंकेसर एकमेकांना चिकटून झालेली नळी आहे. पराग बाहेरून दिसतच नाही, तो या नळीच्या आत सुटतो आणि खालच्या टोकातून बाहेर पडतो, तोसुद्धा फूल हललं तरच. मीठदाणीसारखं आहे, नुसतं उलटं धरून भागत नाही, हलवावं लागतं. आणि या फुलात मकरंद अजिबात नसतो, एक थेंबही नाही.

आता मधमाशीच्या बाजूने विचार करा. तिला मकरंद हवा, तो इथे नाही. पराग हवा तर तो नळीत बंद. तिच्या छातीत उडायचे ताकदवान स्नायू आहेत, थंडीत तेच थरथरवून ती पोळं गरम ठेवते, पण फुलाला लटकून ते स्नायू वापरायची रीत तिच्यात नाहीच. ती येते, एक-दोन फुलं चाचपते आणि जाते. दुसरं काहीच खायला नसेल तर थोडाफार पराग खरवडून नेते, त्यामुळे अगदी शून्य काम होतं असं मी म्हणणार नाही, पण त्या भरवशावर पॉलिहाऊसचा खर्च काढता येत नाही.

बंबलबी काय करते ते एकदा जवळून बघण्यासारखं आहे, व्हिडिओ स्लो करून बघा. ती शंकूला जबड्याने घट्ट पकडते, पोट आत वळवून फुलाला मिठी मारते, पंख पाठीवर मिटलेलेच राहतात आणि फक्त छातीचे स्नायू सेकंदाला काही शे वेळा थरथरतात. उडतानाची गुणगुण वेगळी, ही त्याहून बारीक आणि तुटक असते, झीं झीं अशी. त्या थरथरीने पिवळी पूड तिच्या पोटावरच्या केसांत सांडते आणि तेवढ्यातच त्याच फुलाच्या कुक्षीला (मादी भागाच्या टोकाला) लागते. जबड्याने धरलेल्या जागी नंतर तपकिरी डाग उमटतो. तिकडचे शेतकरी माश्या मोजत बसत नाहीत, ते फुलांवरचे हे डाग बघतात, बहुतेक फुलांवर डाग असला म्हणजे काम चालू आहे. आपल्याकडे लोक पेटीच्या तोंडाशी किती गर्दी आहे ते बघून खूश होतात, ती गर्दी बाहेर शेवग्यावर जाणारीसुद्धा असू शकते हो.

इथे दुसरा एक गैरसमज आडवा येतो. "टोमॅटो तर स्वपरागीत आहे, मग माशी पाहिजेच कशाला?" स्वपरागीत म्हणजे त्याला स्वतःचा पराग चालतो, एवढंच. तो पराग आपोआप पडतो असं नाही. नारायणगाव, पिंपळगाव बसवंतच्या पट्ट्यात तारेवर बांधलेला उघड्यावरचा टोमॅटो वाऱ्याने दिवसभर हलत असतो, तिथे हे काम फुकटात होतं, तिथे टोमॅटोसाठी पेटी आणायची गरजच नाही. पॉलिहाऊसला तुम्ही चारी बाजूंनी 40 मेशची बारीक जाळी लावता, वारा थांबतो, जंगली माश्यापण थांबतात, मग पराग नळीतच राहतो आणि फूल देठापासून गळतं. मग दुकानदार टॉनिक देतो.

युरोपातही आधी हीच अडचण होती. बंबलबीच्या आधी हॉलंड-बेल्जियममध्ये मजूर विजेवर थरथरणारी कांडी घेऊन घोस ना घोस हलवत फिरायचे, प्रचंड मजुरी जायची. 1980 च्या दशकाच्या मध्यात रोलंड द याँघे या बेल्जियन पशुवैद्याने टोमॅटोच्या ग्रीनहाऊसमध्ये बंबलबी सोडून बघितली, 1987 मध्ये त्यातून बायोबेस्ट ही कंपनी उभी राहिली आणि थोड्याच वर्षांत कांड्या अडगळीत गेल्या. म्हणजे बंबलबीने तिथे मधमाशीची जागा घेतली नाही, तिने व्हायब्रेटरची जागा घेतली. हे एक वाक्य कळलं तरी पेटीचे पैसे वाचतील.

बाकीचे फरक पटापट सांगतो. बंबलबी थंडीत, ढगाळ हवेत, अगदी 10 अंशाच्या आसपासही कामाला निघते, मधमाशी तेवढ्या गारव्यात पेटीत बसून राहते. पण 30-32 अंशांच्या वर बंबलबी बाहेरचं काम सोडून घरातच पंखांनी वारा घालत बसते, आणि आपल्या पॉलिहाऊसमध्ये मार्च-एप्रिलच्या दुपारी काय तापमान असतं ते तुम्हाला माहितीच आहे. दुसरं म्हणजे मघाचं ते नाचणं. मधमाशीला व्हेंट (हवा खेळायची खिडकी) उघडं सापडलं आणि बाहेर सूर्यफूल दिसलं की ती परत येऊन सगळ्यांना तिकडे पाठवते, बंबलबीला असा नेमका पत्ता सांगता येत नाही, म्हणून तिच्या माश्या जवळच्या पिकावर जास्त टिकून राहतात.

म्हणून मधमाशी पॉलिहाऊसमध्ये कामाचीच नाही असं मात्र अजिबात समजू नका. शेडनेटमधलं खरबूज, कलिंगड, कारलं यांची नर आणि मादी फुलं वेगळी (खरबुजात बऱ्याचदा नर आणि उभयलिंगी), पराग जड आणि चिकट, मकरंद भरपूर, इथे कुणीतरी पराग उचलून न्यावाच लागतो आणि हे काम मधमाशी उत्तम करते, बंबलबीवाचून काही अडत नाही. ढोबळी मिरचीचे पुंकेसर उभे चिरतात, पराग उघडा असतो, ती आपली आपण बऱ्यापैकी सेट होते, पण मधमाशी फिरली तर बिया जास्त भरतात आणि फळ आकाराला चांगलं येतं, त्यामुळे ढोबळीत पेटी ठेवायला माझी हरकत नाही. वांग्याच्या परागकोशाला टोकाशी फक्त बारीक छिद्रं असतात, म्हणजे ते टोमॅटोच्याच गटात, हलवल्याशिवाय सुटत नाही.

आणि पॉलिहाऊसमधली बिनबियांची काकडी! कृपा करून तिथे कुठलीच पेटी ठेवू नका. तो वाण परागाशिवायच फळ धरणारा आहे. माशीने बाहेरच्या गावठी काकडीचा पराग आत आणला की फळात बिया धरतात, टोक फुगतं, काकडी गदेसारखी होते आणि व्यापारी ती बाजूला काढतो. टोमॅटोला पराग पाडावा लागतो, या काकडीला परागच नको असतो, आणि लोक दोन्हींना "माशी न लागणारं पीक" म्हणून एकाच दावणीला बांधतात, याचा मला खरंच वैताग येतो.

मग परदेशातून बंबलबी मागवू या का? माझं उत्तर स्पष्ट आहे: नाही. चिलीने 1997 पासून युरोपची बंबलबी आणली, ती ग्रीनहाऊसबाहेर पसरली, अँडीज ओलांडून अर्जेंटिनात गेली आणि तिथली मूळची मोठी केशरी बंबलबी अनेक भागांतून दिसेनाशी झाली. जपानमध्ये 1990 च्या दशकात आणलेली होक्काइदोत रानात स्थिरावली, 2006 मध्ये सरकारला तिला उपद्रवी परकी जात ठरवावं लागलं. ऑस्ट्रेलियाने तर मुख्य भूमीवर ती येऊच दिली नाही, त्यांनी त्यांच्याच देशातल्या निळ्या पट्ट्यांच्या माशीवर टोमॅटोसाठी प्रयोग केले. तिची भावंडं आपल्याकडेही आहेत, तुळशीवर, वांग्यावर दिसतात, मातीत बीळ करून राहतात आणि फूल थरथरवतातही, फक्त त्यांची पेटी कुठे विकत मिळत नाही. हिमाचलात सोलनजवळच्या नौणीच्या विद्यापीठात हिमालयातली बंबलबी पाळून टोमॅटो, ढोबळीवर काम झालंय, मला ही दिशा जास्त पटते, पण ती थंड हवेची माशी आहे, आपल्या उन्हाळ्यात तिच्याकडून चमत्काराची अपेक्षा नको.

तोवर आपल्या टोमॅटोला हातानेच हलवायचं. बॅटरीवरचा व्हायब्रेटर घ्या, थोडीच झाडं असतील तर इलेक्ट्रिक टूथब्रशही चालतो, घोसाच्या देठाला मागून क्षणभर टेकवायचा, फळाला लावायचा नाही. दिवसाआड करा. वेळ साधारण दहा ते एक, दव सुकल्यावर, कारण ओला पराग चिकटून बसतो. खात्री करायची तर फुलाखाली मोबाइलचा काळा स्क्रीन धरा आणि देठाला टिचकी मारा, पिवळी पूड पडली तर वेळ बरोबर आहे, नाही पडली तर तासाभराने परत बघा. फूल धरायच्या हार्मोनची फवारणी मला आवडत नाही, फळ धरतं पण बी नीट भरत नाही, आतून पोकळ राहतं, वजन मिळत नाही. आणि दुपारचं तापमान रोज 35 च्या वर जात असेल तर परागच निकामी होतो, तेव्हा माशीही नको आणि कांडीही नको, आधी व्हेंट उघडा, फॉगर (धुक्यासारखं बारीक पाणी उडवणारे) लावा, वर शेडनेट ओढा.