कॅड आलं म्हणून ड्रॉइंग सुटत नाही

"आता कॅड, म्हणजे संगणकावर ड्रॉइंग काढायचं सॉफ्टवेअर आहे, हाताने ड्रॉइंग कशाला शिकायचं?" १८९० साली कलाभवन ही तंत्रशिक्षण संस्था सुरू झालेल्या आपल्या बडोद्यातही हे ऐकू येतं, याचं मला वाईट वाटतं. हा समज चुकीचा आहे. सॉफ्टवेअर व्ह्यू, म्हणजे वस्तूचं एका बाजूने दिसणारं चित्र, झटकन काढतं. पण तो कागदावर कुठे मांडायचा, हे आपण निवडलेली पद्धत ठरवते. आपल्याकडे फर्स्ट अँगल: वरून दिसणारा टॉप व्ह्यू समोरून दिसणाऱ्या फ्रंट व्ह्यूच्या खाली, डावीकडून दिसणारा उजवीकडे. अमेरिकी पद्धत थर्ड अँगल, तिथे नेमकं उलट. ड्रॉइंगच्या कोपऱ्यातलं, पद्धत सांगणारं कापलेल्या शंकूचं चिन्ह चुकलं, की मकरपुऱ्याच्या कारखान्यातला कारागीर डाव्या अंगाचं भोक उजव्या अंगाला पाडणार. घडवलेला जॉब भंगारात! एल आकाराचा एक ब्रॅकेट हातात घेऊन तिन्ही व्ह्यू पेन्सिलीने काढा. तोवर मी मुलांना संगणक उघडू देत नाही.