संगणकावर ब्लू-रे पाहणे

ब्लू-रे तबकडीवरचा चित्रपट घरच्या संगणकावर पूर्ण स्पष्टतेने (१९२० × १०८० बिंदू) पाहणे. यात तबकडी वाचली जाणे आणि चित्रपट पडद्यावर दिसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीला ड्राइव्ह पुरतो, दुसरीला परवानगी लागते, आणि बहुतेक वेळा गाडी अडते ती दुसरीपाशी. पुण्यात बोलताना कोणतीही चकती ‘सीडी’च असते, त्यामुळे ‘सीडी चालत नाहीये’ अशी तक्रार आली की आधी कोणती सीडी, हे विचारून घ्यावे.

सीडी, डीव्हीडी आणि ब्लू-रे या तिन्ही १२ सेंटिमीटर व्यासाच्या. फरक लेसरचा. सीडीसाठी ७८० नॅनोमीटर तरंगलांबीचा, डीव्हीडीसाठी ६५० आणि ब्लू-रेसाठी ४०५ नॅनोमीटरचा निळसर-जांभळा लेसर वापरतात. तरंगलांबी कमी झाली की प्रकाशाचा ठिपका बारीक होतो आणि खुणा दाटीने कोरता येतात. म्हणून डीव्हीडीच्या एका थरात ४.७ गिगाबाइट मावतात, तर ब्लू-रेच्या एका थरात २५ आणि दोन थरांत ५०. डीव्हीडीचा ड्राइव्ह ब्लू-रे वाचू शकत नाही. ब्लू-रेचा ड्राइव्ह मात्र डीव्हीडी वाचतो. एचडी डीव्हीडी ही प्रतिस्पर्धी तबकडी तोशिबाने फेब्रुवारी २००८ मध्ये मागे घेतली, तो विषय तिथे संपला.

लॅपटॉपमधून ड्राइव्ह हद्दपार झाल्यापासून बाहेरून जोडायचा यूएसबी ड्राइव्ह हाच सर्रास उपाय. तबकडी आत घातली की तो घरघरतो, दोनदा टक्‌टक्‌ करतो आणि गप्प बसतो. ड्राइव्ह गेला असे वाटते, पण पुष्कळदा तो उपाशी असतो. यूएसबी २ च्या एका खाचेतून ५०० मिलिअँपिअर वीज मिळते आणि तबकडीला वेग देताना तेवढी पुरत नाही. तपकीर गल्लीत (पुण्याचा इलेक्ट्रॉनिक सामानाचा बाजार) दोन यूएसबी टोकांची ‘वाय केबल’ मागावी, किंवा ९०० मिलिअँपिअर देणाऱ्या यूएसबी ३ च्या खाचेत तो लावावा.

इतके जमले तरी चित्रपट दिसेलच असे नाही. बाजारातल्या चित्रपटांच्या ब्लू-रेवर साधारणपणे एएसीएस नावाचे कुलूप असते. तबकडीवरची माहिती सांकेतिक स्वरूपात असते आणि ती उलगडण्याच्या किल्ल्या परवानाधारक सॉफ्टवेअरकडेच असतात. विंडोजमध्ये असे सॉफ्टवेअर मुळात येत नाही. पॉवरडीव्हीडीसारखे विकत घ्यावे लागते. किल्ल्या बदलत राहतात, म्हणून जुने सॉफ्टवेअर नव्या तबकडीपुढे हात टेकते. विकत घेतलेल्या चित्रपटासाठी पुन्हा सॉफ्टवेअर विकत घ्या, मग ते अद्ययावत ठेवा, हा हिशेब कुणालाही पटण्यासारखा नाही. व्हीएलसी हे मोफत सॉफ्टवेअर कुलूप नसलेली तबकडी चालवते. कुलूपबंद तबकडीसाठी त्याला किल्ल्या बाहेरून पुरवाव्या लागतात. भारतात हक्कभंगाच्या हेतूने असे संरक्षण तोडणे हा २०१२ च्या दुरुस्तीने आलेल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ६५अ खाली गुन्हा आहे.

कुलूप वायरीपर्यंत येते. गणेशोत्सवात सोसायटीच्या सभागृहात चित्रपट दाखवायचा म्हणून कोणी लॅपटॉपला जुना प्रोजेक्टर व्हीजीए केबलने जोडतो. डेस्कटॉप भिंतीवर स्वच्छ दिसतो, सतरंजीवर पोरे बसलेली असतात, आणि चित्रपट सुरू केला की भिंत काळी. सॉफ्टवेअर संगणक, केबल आणि पडदा यांच्यात एचडीसीपी ही ओळखपरेड करून घेते. व्हीजीएला ती देताच येत नाही. ती देऊ शकणारा, एचडीएमआय केबलचा प्रोजेक्टर मागून आणणे हा मार्ग. नाहीतर घरातली डीव्हीडी बाहेर निघते.

राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय (स्थापना १९६४) आणि फिल्म इन्स्टिट्यूट यांच्या शेजारात वाढलेल्या पुण्यातल्या चित्रपटवेड्यांना वेगळी अडचण येते: प्रदेशाची. ब्लू-रेसाठी जगाचे अ, ब, क असे तीन विभाग केले आहेत. भारत ‘क’मध्ये, अमेरिका ‘अ’मध्ये, ब्रिटन ‘ब’मध्ये. त्यामुळे अमेरिकेतल्या मुलाने सुट्टीत येताना हौसेने आणलेली तबकडी कोथरूडच्या दिवाणखान्यात हटून बसू शकते. अनेक तबकड्यांवर असे बंधन नसते, हे नशीब.

४के म्हणजे अल्ट्रा एचडी ब्लू-रेवर प्रदेशाचे बंधन नाही, पण संगणकावर तिची कथा आणखी केविलवाणी. अधिकृत मार्गाने ती पाहण्यासाठी इंटेलच्या प्रोसेसरमधली एसजीएक्स ही (किल्ल्यांसारखी गुपिते सुरक्षित कप्प्यात ठेवणारी) सोय आवश्यक ठरवली गेली. पुढे अकराव्या आणि बाराव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांतून इंटेलने तीच काढून टाकली. परिणामी जुना संगणक चित्रपट दाखवतो आणि नवा, महागडा दाखवत नाही.

लग्नाचे किंवा मुंजीचे चित्रण कोऱ्या ब्लू-रेवर स्वतः उतरवून घेतले असेल तर यातले काहीच आडवे येत नाही. ड्राइव्हला पुरेशी वीज मिळाली की व्हीएलसी ते लगेच चालू करते, जुन्या प्रोजेक्टरवरसुद्धा. अशा कोऱ्या तबकड्यांचे उत्पादन सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये थांबवले.