अक्रागास की अकांथोस? आधी शिकारीकडे बघा

प्राचीन ग्रीक नाण्यांच्या याद्या चाळताना या दोन नावांत हमखास गफलत होते. दोन्ही ग्रीक शहरं, दोघांचीही गाजलेली चांदीची नाणी इ.स.पू. पाचव्या शतकातली, दोन्हींवर शिकारी आणि त्याची शिकार. चार द्राख्मांच्या (द्राख्मा हे ग्रीक चलनाचं एकक) नाण्याचं वजनही दोन्हीकडे साधारण १७ ग्रॅम. माझ्या वहीत कितीतरी दिवस एकाच्या चित्राखाली दुसऱ्याचं नाव होतं.

आता मी नाव वाचतच नाही, शिकार जिवंत आहे का तेवढं बघतो. अकांथोसच्या नाण्यावर झटापट चालू असते. सिंह बैलाच्या पाठीवर चढलेला, त्याच्या मागच्या भागात दात रुतवलेले. बैल गुडघ्यावर आलाय, पण मान वर करून अजून हंबरतोय. दोघांची तोंडं विरुद्ध दिशांना, त्यामुळे दोन धडं मिळून एक गाठ बसल्यासारखी दिसते आणि नाण्याचा गोल बरोबर भरतो. आयाळ बारीक ठिपक्यांची.

अक्रागासला सगळं उरकलेलं आहे. खडकावर ससा उताणा पडलाय, मेलेला. त्याच्यावर दोन गरुड. एक खाली वाकलाय, दुसऱ्यानं मान मागे टाकून चोच उघडली आहे. ही उघडी चोच मला त्या काळच्या कोरीव कामातली सगळ्यात जिवंत जागा वाटते. नाण्याला आवाज असता तर तो इथूनच आला असता.

(गरुड एकच असेल आणि पंजात ससा असेल तर घाई करू नका. ते नाणं ऑलिंपियाच्या एलिसचं असू शकतं. तिथं मागे वज्र किंवा नीके ही विजयदेवी सापडते.)

नाणं उलटलं की उरलीसुरली शंकाही जाते. अकांथोसच्या मागे चित्र नाही. चार भागांत विभागलेला खोलगट चौकोन आहे, आणि जरा उशिराच्या नाण्यांवर त्याच्या कडेनं शहरवासीयांचं नाव फिरतं. अक्रागासच्या मागे मात्र पूर्ण चित्र: बहुधा खेकडा, कधी चार घोड्यांचा रथ. खेकडा ही त्या शहराची जुनीच खूण. गरुड एकटा उभा असायचा त्या काळापासून खेकडा मागच्या बाजूला आहे.

दोन शहरं एकमेकांपासून लांब होती. अक्रागास म्हणजे सिसिलीतलं आजचं अग्रिजेंतो. गरुड हा ग्रीकांचा मुख्य देव झ्यूस याचा पक्षी, आणि याच शहरात झ्यूसचं एक प्रचंड देऊळ बांधायला घेतलं होतं, ते अपुरंच राहिलं. अकांथोस मॅसेडोनियाजवळच्या खाल्किदिकीत, आजच्या इएरिसोसपाशी. सिंह-बैलाचं चित्र मूळचं पूर्वेकडचं, प्राचीन इराणच्या राजधानीतल्या, पर्सेपोलिसच्या जिन्यावरही ते कोरलेलं आहे. म्हणून पुष्कळदा ते नुसतं उसनं चिन्ह मानून सोडून देतात. मला ते पटत नाही. इ.स.पू. ४८० मध्ये इराणी सम्राट झेर्क्सिसची फौज याच भागातून जात असताना सिंह रात्री खाली उतरून सामानाच्या उंटांवर पडले, असं ग्रीक इतिहासकार हिरोडोटस सांगतो. माणसांना किंवा इतर जनावरांना त्यांनी हात लावला नाही, उंटच का निवडले याचं त्यालाही नवल वाटलं. म्हणजे ज्या मुलखात हे नाणं पाडलं गेलं तिथं सिंह खरोखर फिरत होते.

वजनाचं एक लक्षात ठेवा. अकांथोसनं पुढे मोजमाप बदललं आणि त्याचं हे नाणं सुमारे १४ ग्रॅमवर आलं. तेव्हा हलकं भरलं म्हणून लगेच खोटं ठरवू नका. खोटेपणा कडेला शोधा. हातोड्यानं ठोकलेल्या नाण्याच्या कडेला बारीक भेगा पडतात. साच्यात ओतलेल्या नकलेच्या कडेनं जोडाची रेघ दिसते आणि पृष्ठभाग साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत, मधूनमधून बुडबुड्यांचे खळगे.

अक्रागासनं शेवटी दहा द्राख्मांचं, ४० ग्रॅमच्या वरचं भलंमोठं नाणंही काढलं. त्याच्या एका बाजूला रथ, दुसऱ्या बाजूला तेच गरुड आणि तोच ससा. आज त्याचे मोजकेच नमुने उरलेत. इ.स.पू. ४०६ मध्ये उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजच्या फौजेनं शहर लुटलं आणि ही मालिका तिथंच तुटली.